ग्रासहॉपरमधली विटांची जाळी मिस्त्रींच्या हातात कशी द्यायची?

पश्चिमभिंत_नाशिक

नमस्कार मंडळी. मी नाशिकला स्वतंत्र प्रॅक्टिस करते. गंगापूर रोडला एका बंगल्याचं काम चालू आहे आणि त्याच्या जिन्याची भिंत थेट पश्चिमेला आहे. जिन्याखाली बैठक आहे, घरातल्या आजी दुपारभर तिथंच असतात. मार्च ते मे तीन वाजल्यानंतर तिथं बसवत नाही. काच नको, एसी नको, वारा मात्र आला पाहिजे, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. म्हणून विटांची जाळी.

साधी जाळी असती तर इथं विचारायला आले नसते. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेकडे मावळतो, डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेकडे. मग प्रत्येक वीट थोडी फिरवली, म्हणजे तिचं दक्षिणेचं टोक बाहेर आणि उत्तरेचं आत ठेवलं, तर उन्हाळ्यातलं ऊन अडतं आणि थंडीतलं आत येतं. याचं मॉडेल राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, त्यातलं ग्रासहॉपर हे आकडे बदलले की आकार बदलणारं साधन वापरून बांधलं. भिंत ४.२ मीटर रुंद, २.७२ मीटर उंच. विटा आमच्याकडच्या, साधारण २२५ × १०० × ७५ मिमी. दोन विटांच्या मध्यांमधलं अंतर ३०० मिमी, एका थरात १४, असे ३२ थर. म्हणजे ४४८ विटा. खालच्या थरांत सरळ, वर जाताना फिरत फिरत ४५ अंशांपर्यंत. लेडीबग या ग्रासहॉपरच्या जोडसाधनातून सूर्याची दिशा घेतली, स्लायडर सरकवला की अख्खी भिंत हलते. मावळतीच्या सूर्यासाठी आडव्या छेदात हिशोब केला. ४५ अंशांच्या पट्ट्यात थंडीत ३७ टक्के मोकळं राहतं, उन्हाळ्यात १० टक्के. स्क्रीनवर ती भिंत बघून मला खरंच भरून आलं होतं.

डोळ्यासमोर स्वित्झर्लंडमधल्या फ्लेश गावची गांटेनबाइन वाइनरी होती. तिथं २००६ मध्ये ग्रामाझिओ आणि कोहलर या आर्किटेक्टांनी २०,००० विटा रोबोटकडून फिरवून बसवल्या आणि लांबून बघितलं की भिंतीवर द्राक्षं दिसतात. नाशिकच्या माणसाला ते चित्र विसरणं कठीण आहे.

आता साइटवर काय झालं ते सांगते. प्रत्येक थराचा एक कागद काढला, ए-थ्री आकाराचा, असे ३२. त्यावर प्रत्येक विटेचा कोन. मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. तीस वर्षं थापी हातात असलेला माणूस. त्यांनी मधल्या एका थराचा कागद जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या, गुडघ्यावर बसून बराच वेळ बघितला. मग शांतपणे विचारलं, "मॅडम, हे सतरा पूर्णांक तीन दोरीवर कुठं धरू?" मी कोनमापक दिला. त्यांनी विटेवर सिमेंटचा माल टाकला, वीट ठेवली, कोनमापक लावला, वीट हलवली, तोवर माल ओढला गेला होता. अर्ध्या दिवसात दोन थर. संध्याकाळी बिगाऱ्याने पाणी मारलं आणि कागदाचा लगदा झाला. तिसऱ्या दिवशी पाच थरांचा नमुना उभा राहिला, पण लाटेसारखा वळण्याऐवजी तो वेडावाकडा दिसत होता. वीट मोजायला घेतली तर एक २१८ मिमी, शेजारची २३२.

चूक मामांची नाही, हे मला स्पष्ट दिसतंय. माझ्या मॉडेलमधून बाहेर काय पडायला हवं, तेच मला ठरवता येत नाहीये. कुणी अशा प्रकारचं काम गवंड्यांकडून करून घेतलंय का? रोबोट नाही, येणारही नाही. माझ्याकडे मामा आहेत आणि दीड महिना आहे.

भोसरी_राउटर

ताई, माझं भोसरी एमआयडीसीत सीएनसी राउटरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाइलवरून प्लाय कापणाऱ्या यंत्राचं, वर्कशॉप आहे. आर्किटेक्ट लोकांच्या फायली रोज उघडतो म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, ४४८ वेगळे कोन ठेवू नका. यंत्राला ४४८ वेगळे तुकडे आणि ४४८ सारखे तुकडे यांत फरक पडत नाही, ते वाचतं आणि कापतं. ब्रिटिश म्युझियमच्या अंगणावरच्या २००० सालच्या छतात ३३१२ काचा आहेत आणि एकीसारखी दुसरी नाही. जमलं, कारण काच कारखान्यात मोजून कापली आणि प्रत्येकीची जागा आधीच ठरलेली. हाताने बसवायच्या कामात प्रत्येक वेगळा आकडा म्हणजे माणसाने एकदा थांबून विचार करणं. चार पायऱ्या करा. ग्रासहॉपरमध्ये कोनाचं मूल्य ० ते ३ मध्ये रिमॅप करून (म्हणजे त्या पट्ट्यात बसवून) राउंड केलं की झालं. लांबून वळण तेवढंच दिसेल.

त्या चार पायऱ्यांचे चार फर्मे मी प्लायमध्ये कापून देईन, इथलंच असं नाही, नाशिकमध्येही सातपूर-अंबडला राउटर आहेत. पण फाइल देताना थोडं सांभाळा. साधा प्लाय घेऊ नका, ओल्या मालात दोन दिवसांत फुगतो. सेंट्रिंगचा फिल्म लावलेला प्लाय घ्या. आणि प्लायची जाडी स्वतः व्हर्नियरने मोजल्याशिवाय खाच काढू नका. मागे एका छताचं काम आलं होतं, आडव्या-उभ्या पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या. फाइलमध्ये खाच १८ मिमी. मीही तपासलं नाही, कापून दिलं. प्लाय निघाला १७.३. एकशे चाळीस सांधे, सगळे ढिले. दोन रात्री बसून प्रत्येक खाचेत व्हिनियरची पट्टी चिकटवली. तेव्हापासून गठ्ठा आला की पाच शीट मोजतो, सरासरी ग्राहकाला कळवतो, मगच फाइल मागतो. तुमच्या मॉडेलमध्ये जाडी हा एक स्लायडर ठेवा, तिथं आकडा बदलला की सगळ्या खाचा बदलल्या पाहिजेत. पॅरामेट्रिकचा खरा फायदा मला तरी तिथंच दिसतो.

बाकी पटकन सांगतो. राउटरचं कटर ६ मिमीचं असतं, त्यामुळे आतला कोपरा ३ मिमी त्रिज्येचा गोलच राहतो. विटेचा कोपरा तिथं टेकवायचा असेल तर कोपऱ्यात थोडं जास्त खोदून घ्यायला सांगा. डीएक्सएफमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या रेषांच्या फाइलमध्ये, वळणं आर्क (वर्तुळाचे तुकडे) म्हणून पाठवा. राइनोतून स्प्लाइन, म्हणजे मुक्त वळणाची रेघ, तशीच आली की तिचे हजारो बारीक तुकडे होतात आणि मशीन थरथरत चालतं. आणि फाइल मिलिमीटरमध्येच आहे ना हे बघा, इंचातली आली की २५.४ पटींचा घोळ. फर्म्यावर पायरीचा नंबर आणि बाणाची दिशा खोदून घ्या, पेनाने लिहिलेलं पुसतं.

ओळंबा

मुली, तुझा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. मी वाईचा. वडील गवंडी होते, मी डिप्लोमा करून पस्तीस वर्षं साइटवर काढली. ग्रासहॉपर मी माझ्या भाच्याच्या मागे बसून बघितलंय, चालवता येत नाही. तरी मला वाटतं घोळ कुठं आहे ते मी सांगू शकेन.

तुझ्या मॉडेलमध्ये वीट कशाभोवती फिरते? मध्यबिंदूभोवती, बरोबर? मामांना विटेचा मध्यबिंदू दिसत नाही. तो विटेच्या पोटात आहे आणि वर माल आहे. गवंड्याला दिसतात कडा आणि कोपरे. त्याचं सगळं काम दोरीवर चालतं. दोरी बांधली, विटेची कड दोरीपासून केसभर आत ठेवली, थापीच्या मुठीने ठोकली, पुढची घेतली. एका विटेला पंधरा-वीस सेकंद. त्या लयीत कोन बसत नाही, अंतर बसतं.

म्हणून वीट कोपऱ्याभोवती फिरव. बाहेरच्या बाजूचा दक्षिणेकडचा कोपरा प्रत्येक विटेचा दोरीलाच टेकला पाहिजे, कायम. फिरायचं ते दुसऱ्या टोकाने, आत. मग मामांना सांगायचं एवढंच की दुसरं टोक दोरीपासून किती मिलिमीटर आत. मी वहीवर करून बघितलं. २२५ ची वीट ४० मिमी आत गेली की दहा अंश होतात, ८० गेली की जवळपास एकवीस, ११० गेली की एकोणतीसच्या वर. तेव्हा कोन विसर आणि ०, ४०, ८०, ११० हे चार आकडे धर. विटांच्या लहानमोठेपणाचं उत्तरही इथंच मिळतं. २१८ ची वीट ११० आत गेली तर तीस अंश, २३२ ची गेली तर अठ्ठावीस. दोन अंश डोळ्याला कळत नाहीत. कोपरे मात्र सगळे एका दोरीत, आणि भिंतीकडे बघणाऱ्याची नजर आधी तीच रेघ पकडते.

विटा वेगळ्या निघतात म्हणून भट्टीवाल्यावर चिडू नकोस. आपल्या आयएस १०७७ मध्ये, म्हणजे विटांच्या भारतीय मानकातसुद्धा, एक वीट मोजत नाहीत, वीस विटा ओळीने लावून मोजतात. १९० मिमीच्या विटेला वीस विटांचे ३७२० ते ३८८० मिमी चालतात. ज्यांनी ते लिहिलं त्यांना भट्टी ठाऊक होती.

फर्मा करायचाच तर लांबलचक नको, परांचीवर तो सांभाळायला वेगळा माणूस लागेल. लाकडाचे तीन ठोकळे कर, ४०, ८०, ११० चे आणि एक चपटी पट्टी, प्रत्येकाला वेगळा रंग. दोरी आणि विटेच्या मधे ठोकळा धरायचा, वीट टेकवायची, ठोकळा काढायचा. कागदावर थराची एकच ओळ, रंगांचे ठिपके. शिकलेला-न शिकलेला प्रश्नच उरत नाही.

मोठ्या लोकांनीही शेवटी हेच केलं आहे. सिडनीच्या ऑपेरा हाउसची शिंपल्यांसारखी छपरं कशी बांधायची यावर वर्षं गेली, कारण प्रत्येकाचं वळण वेगळं होतं. १९६१ मध्ये त्याचा आर्किटेक्ट उत्झोन याने सगळी छपरं ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापली आणि तेच साचे परत परत वापरता आले. लांब कशाला, दिल्लीत अनाग्राम आर्किटेक्ट्सनी साउथ एशियन ह्यूमन राइट्स डॉक्युमेंटेशन सेंटरची रस्त्याकडची भिंत सहा विटांचा एकच गट पुन्हा पुन्हा वापरून रचली आहे. गवंड्यांनी हाताने केलेली, आणि बघताना भिंत पिळल्यासारखी वाटते. गेलीस दिल्लीला तर जाऊन ये.

सळई_आणि_सिमेंट

मी पुण्यात स्ट्रक्चरल डिझाइन करते. वरच्या काकांची दोरीची युक्ती मला फार आवडली. पण दोन गोष्टी आत्ताच सांगायला हव्यात, नाहीतर भिंत पडेल. शब्दशः पडेल.

एक. ताई, तुमच्या मॉडेलमध्ये वरची वीट खालच्या दोन विटांवर किती टेकते हे मोजलंत का? ३०० चं अंतर, थराआड १५० ची सरक. वीट सरळ असताना दोन्ही बाजूंना ७५ × १०० म्हणजे ७५०० चौरस मिमी टेकू आहे, उत्तम. सगळ्या विटा एकाच दिशेने २० अंश फिरल्या की तो ४१०० च्या आसपास येतो. ३० ला २३७५. ३५ ला चौदाशे. आणि ४२ अंशांना शून्य. तुम्ही ४५ म्हणताय, तिथं वरची वीट खालच्या विटांच्या मधल्या मोकळ्या जागेवर आहे. राइनोत ती तरंगते कारण तिथं गुरुत्वाकर्षण नाही. सूत्र सोपं आहे: (२२५ − १५० × कोसाइन) गुणिले (१०० − १५० × साइन). हे ग्रासहॉपरमध्ये प्रत्येक जोडीसाठी लावा आणि ३००० च्या खाली आलेली वीट लाल करा. ३००० हा माझा आकडा आहे, बांधकामाच्या मानकातला नाही.

गांटेनबाइनशी तुलना करताना एक लक्षात घ्या. तिथं विटा चिकटद्रव्याने जोडल्या आहेत आणि बाहेर काँक्रीटची चौकट आहे. चिकटद्रव्य ताण घेतं. आपला सिमेंटचा माल दाब घेतो, ताणात त्याच्यावर विसंबायचं नाही.

थराआड दिशा उलटी केली, एक थर डावीकडे एक उजवीकडे, तर ४५ लासुद्धा टोकावर टोक येऊन ५६ × ५६ मिमी टेकू मिळतो. पण मग उन्हाचं गणित जाईल, दोन्ही दिशा सारख्याच होतील. त्यापेक्षा ३०० चं अंतर २७० करा आणि ३० अंशांवर थांबा. टेकू ३५०० चौरस मिमी मिळतो.

दोन, आणि ही जास्त गंभीर. कोपरा दोरीला टेकवून वीट फिरवली की विटेचं वजन आत सरकतं. सरळ विटेचा मध्य दोरीपासून ५० मिमी, ३० अंशांच्या विटेचा जवळपास १०० मिमी. तुम्ही खाली सरळ आणि वर फिरलेल्या म्हणताय. म्हणजे वरच्या सगळ्या थरांचं वजन खालच्या १०० मिमी रुंद विटांच्या आतल्या कडेवर येणार. वळण खालून वर नेऊ नका, आडवं न्या. एका उभ्या ओळीत कोन तोच ठेवा, बदल डावीकडून उजवीकडे होऊ द्या.

आणि ४.२ मीटरचा एकच फलक नको. नाशिकला आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरतात. जाळीतून वारा जातो म्हणून दाब कमी होतो, शून्य होत नाही. मधे एक आरसीसी खांब द्या आणि उंचीत काँक्रीटच्या दोन आडव्या पट्ट्या. दर्जेत, म्हणजे दोन थरांमधल्या मालाच्या सांध्यात, ६ मिमीची सळई टाकू नका. दोन विटांच्या मधल्या फटीत ती उघडी पडते आणि तिसऱ्या पावसाळ्यात गंजाचे ओघळ दिसतात. पट्टी ७५ मिमीची, विटेइतकीच, म्हणजे थरांचा हिशोब बिघडणार नाही. खांब, पट्ट्या आणि तळाची तुळई यांचा हिशोब तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या, माझ्या या पोस्टवरून सळया कापू नका.

पश्चिमभिंत_नाशिक

तुम्हा तिघांना काय म्हणू. ते सूत्र रात्रीच लावलं. अर्धी भिंत लाल झाली. दोन महिने मी त्या विटांकडे रोज बघत होते आणि एकदाही मनात आलं नाही की त्या कशावर बसल्या आहेत. कोन आणि सूर्य एवढंच मोजत राहिले.

मॉडेल पहिल्यापासून परत बांधलं. आमच्या इंजिनिअरनी खांब १५० चा दिला. ४२०० मधून तो वजा केला की ४०५० उरतात, म्हणजे बरोबर १५ विटा २७० च्या. खांब लँडिंगच्या रेषेत घेतला, एका बाजूला ७ आणि दुसऱ्या बाजूला ८, थराआड टोकाला अर्धी वीट. उंचीतही जमलं. दहा थर, पट्टी, दहा थर, पट्टी, दहा थर. बत्तीसच झाले. खालची तुळई २०० रुंद केली, कारण ११० च्या पायरीला भिंतीची जाडी जवळपास तेवढी होते. ग्रासहॉपरच्या डेटा ट्रीमध्ये, म्हणजे फांद्यांत विभागलेल्या यादीत, आता एका थराची एक फांदी आहे आणि तिच्यात फक्त ०, १, २, ३ हे आकडे. एका कोनाची पूर्ण उभी ओळ असल्यामुळे थर तरी किती वेगळे उरले? दोनच, सरकलेला आणि न सरकलेला. बत्तीस कागदांच्या जागी दोन पट्ट्या. हे मला आधी दिसलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

उन्हाचं सांगते, कारण त्यासाठीच सगळं चाललंय. ३० अंशांच्या पट्ट्यात थंडीतलं मोकळं क्षेत्र ३७ वरून १४ टक्क्यांवर आलं. याचं वाईट वाटलं. पण उन्हाळ्यातलं १० वरून ५ वर आलं. आजींना जाऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, थंडीत मी अंगणात बसते, तू उन्हाळ्याचं बघ.

काका, ठोकळे सुतारांकडून सागाच्या तुकड्यांतून करून घेतले. पिवळा ४०, हिरवा ८०, लाल ११०, आणि सरळ विटेसाठी काळी पट्टी. मामांनी ते हातात घेऊन एकमेकांवर ठेवले, मग लाल ठोकळा विटेला लावून विटेचं टोक अंगठ्याने दोनदा पुढेमागे केलं. म्हणाले, "कोपरा दोरीला, ठोकळा टोकाला. एवढंच ना?" एवढंच. त्यांनी स्वतः एक भर घातली. प्रत्येक ठोकळ्याला वरच्या बाजूला खिळा ठोकून घेतला, बोटं मालात बुडू नयेत म्हणून. आणि तुळईवरच चुन्याच्या रंगाने ठिपके मारून ठेवले, कागद खिशातून काढायलाच नको.

परवा सात विटांचे पाच थर परत रचले, पाच तासांऐवजी पाऊण तासात. ओळंबा लावून बघितलं तर कोपऱ्यांची रेघ खालपासून वरपर्यंत सरळ. साडेचारला ऊन आलं तेव्हा आम्ही दोघं आतल्या बाजूला उभे होतो. पिवळ्या पायरीच्या विटांमधून बारीक पट्टे येत होते आणि लाल पायरीकडे जाताजाता ते मिटत गेले.

भोसरीवाले दादा, फर्मे लागले नाहीत, पण जिन्याच्या कठड्याच्या पट्ट्या प्लायच्याच आहेत. काल दुकानात जाऊन पाच शीट मोजल्या. लिहिलंय १८, निघाले १७.४, १७.४, १७.६, १७.३ आणि १७.५. स्लायडरला १७.४ टाकलं आहे, फाइल पाठवू का?